राणीची आंघोळ

लडलो,
२१ नोव्हेंबर १९६४

प्रिय हेट्टी,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. आम्ही दोघं बरी आहोत. मेबलचा गुडघा कुरकुरतो, आणि त्याहून जास्त मेबल कुरकुरते. ती खांद्यावरून डोकावतेय, म्हणून पुढचं वाक्य: तुझी वहिनी फार गुणी आहे. गेली एकदाची स्वयंपाकघरात.

नाताळच्या चहाला येतेस, असं पार्जिटरबाईंना कळवलंस म्हणे. अगं, कशाला? व्हिट्बीहून इथवर गाड्या बदलत यायचं, त्यात ही थंडी. आमच्या टपाल-तिकिटं जमवणाऱ्यांच्या मंडळाचा चहा म्हणजे काय, तर चर्चच्या हॉलमध्ये भिंगं घेऊन बसलेले म्हातारे आणि पाणचट चहा. कंटाळशील. उन्हाळ्यात ये सावकाश.

बाबांनी तुझ्या नावे ठेवलेल्या तिकिटाचं विचारलंयस. ओळख पटली. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, १८८३ सालचं, नऊ पेनीचं हिरवं तिकीट. सहसा मिळत नाही. 'बाबांनी तुला गवताचं पान ठेवलंय' म्हणून मी चिडवलं होतं ना? मीच गाढव. जन्मभर 'हेट्टीचे हात सदा ओले' म्हणत त्यांनी तुला संग्रहाला शिवू दिलं नाही, आणि जाताना त्यातलं सगळ्यांत चांगलं तुलाच दिलं. त्यांनी तुझ्यासाठी काही ठेवलंय, एवढं ऐकूनच तू फोनवर रडली होतीस.

फक्त रंग जरा उतरलाय. जुन्या वस्तूंचं होतंच तसं. दमट हवा.

हे खोटं लिहिलं. खोडत नाही, राहू दे.

तिकीट कागदाला घट्ट चिकटलं होतं, आणि मागून दिसणारी, कागदातली मुकुटाची छाप पाहिल्याशिवाय ओळख पक्की होत नाही. म्हणून मी ते बशीत कोमट पाण्यात टाकलं, इतकी वर्षं टाकतोय तसं, आणि चहा प्यायला गेलो. परत येऊन बघतो तर पाणी हिरवट आणि राणी पांढरीफटक! त्या वर्षांतली तिकिटं मुद्दाम कच्च्या शाईत छापत. लोक टपालाचा शिक्का धुऊन तेच तिकीट पुन्हा चिकटवायचे. धुतलं की रंग जावा आणि लबाड माणूस पकडला जावा, म्हणून. हे मंडळात नव्यानं आलेल्यालाही ठाऊक असतं. मलाही होतं. पण मला मिरवायची घाई झाली होती.

डंका आधीच पिटलेला, त्यामुळे दोन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारी ते मंडळात न्यावंच लागलं. पार्जिटरसाहेबांनी भिंग लावलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "काय हो अध्यक्ष, राणीसाहेबांना आंघोळ कुणी घातली?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. आणि मी बोलून गेलो, "आमच्या बहिणीनं. बाईमाणूस, धुतलं असेल कपड्यांबरोबर!"

हॉल खदखदून हसला. हेट्टी, मीही हसलो. जीभ कशी झडली नाही माझी! त्यावर पार्जिटरबाई म्हणाल्या, "बोलवू या की त्यांना चहाला. बशीपासून लांब बसवू." तुला आलेलं आमंत्रण ते हे. तू बिचारी नवा कोट शिवायला टाकलास म्हणून लिहितेस, आणि मी तुला थंडीची भीती घालतोय.

लाज वाटते गं. अख्खा संग्रह मला मिळाला, तुला एवढं एकच. तेही मी घालवलं, आणि वर तुझंच नाव पुढे केलं.

तिकीट ह्याच पाकिटात आहे. तुझं तुझ्याकडे असू दे.

आणि ये. नवा कोट घालून ये. मी स्टेशनवर असेन. चहा ओतायच्या आधी सगळ्यांसमोर उभा राहून सांगेन, कुणाचे हात ओले होते ते. तू आली नाहीस तरी सांगणार आहे. पण तू समोर बसून ऐकावंस, असं फार वाटतं. माझी जीभ अडखळली, तर तू ऊठ आणि सांग. मी मान खाली घालून उभा राहीन.

तुझ्या नावाआड लपलेला,
तुझा थोरला भाऊ
अँब्रोज