वाट पाहू नका, म्हणालात

व्यापार कचेरीतल्या साहेबांना नमस्कार,

आपला समुद्र चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला. त्याला मिळणारी नदी शेजारच्या देशाने कालव्यांत वळवली. आपण तक्रार केली, तर त्यांनी आपली मासळी घेणंच बंद केलं. आमचा मासळीचा ट्रक सीमेच्या नाक्यावर अडकला, तेव्हा कचेरीतल्या प्रत्येक खिडकीवर एकच उत्तर मिळायचं, "सरकार विचार करतंय. बर्फ घालत राहा."

तुम्ही मात्र उठून बाहेर आलात आणि हळूच म्हणालात, "ताई, वरून उत्तर यायला वर्ष जाईल. वाट पाहू नका, ट्रक फिरवा. आणि नवी होडी घेऊ नका. पाणी परत येणार नाही."

आमचे हे तुमच्यावर भडकले. मी ट्रक फिरवायला लावला. सगळी आळी मीठ घेऊन धावली, सासूबाईसुद्धा मासे चिरायला बसल्या. आमची मासळी वाचली. नाक्यावर थांबलेल्यांना फेकून द्यावी लागली.

सरकारने निषेध केल्याचं काल रेडिओवर ऐकलं. एव्हाना पाणी धक्क्यापासून पार लांब गेलंय, होड्या चिखलात कलंडल्यात. आम्ही डोंगरापलीकडे खाऱ्या मासळीचं दुकान टाकलंय. हे गिऱ्हाइकांना ऐटीत सांगतात, "ट्रक मीच फिरवला." मी ऐकून घेते.

हे पत्र टाकणार नाही. तुमचं बोलणं कागदावर आलं, तर तुमच्यावर बालंट यायचं. पण "इतकं खरं तुम्हाला कोणी सांगितलं?" असं मला कुणी विचारलं, की मी सांगते, "माझ्या माहेरचा माणूस होता."

तुम्ही जिला ताई म्हणालात,
ती मी