उशी ड्रममध्ये आहे

सायली,

तू आज कपडे न्यायला येणार, असं तुझा भाऊ म्हणाला. मी शोसाठी इगतपुरीला चाललोय. पलंगावर तुझी उशी दिसली नाही तर शोधत बसू नकोस, ती बेस ड्रममध्ये कोंबलीय. छोटा ड्रम, नुसता घुमायचा. चादर घातली, फोम घातला, जमेना. तुझ्या उशीनेच तो ‘धप्’ आवाज आला आणि पेडलही पायाला हलकं लागतंय. तू वैतागायचीस तो दणका आता नाही.

उशी न्यायचीच असेल तर ड्रमच्या पुढच्या पानाला, म्हणजे ताणलेल्या पडद्याला, भोक आहे, त्यातून ओढ. दूध फ्रिजमध्ये आहे, चहा घेऊन जा.

फोन नाही केलास तरी चालेल. आल्यावर मी एकदा पेडल मारेन. ड्रम घुमला, की समजेन.

गोरक्ष