मी कुणाच्याच बाजूचा नाही

२४ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. कारण तसंच आहे. राष्ट्राध्यक्षपदाच्या सोक आणि याँग या दोन उमेदवारांचा टीव्हीवरचा वादविवाद यंदा आमच्या देजॉन शहरात होणार. प्रश्न विचारायला इथलाच एक पत्रकार बसवणार. अट एकच: माणूस निःपक्षपाती हवा, दोन्ही पक्षांना चालायला हवा. म्हणजे मीच की! माझं 'तराजू' हे सदर याच गुणासाठी प्रसिद्ध आहे, असं माझं मत आहे.
टीव्हीच्या सिमबाईंना फोन केला. म्हणाल्या, "बघू की, मिनसाहेब. घाई कसली?"
जवळजवळ नक्की झालं. सूट शिवायला टाकला. करडा. सोक यांच्या पक्षाचा रंग हिरवा, याँग यांचा नारिंगी. निवडणूक होईपर्यंत दोन्ही रंग अंगाला लावायचे नाहीत. बायकोने विणलेला हिरवा मफलर कपाटात टाकला. गळा गारठतो. चालायचंच.

२६ नोव्हेंबर
बायको म्हणते, आपल्या छुंगछॉंग प्रांतात कुणी तोंडावर नाही म्हणत नाही, 'बघू की' म्हणतात, एवढं आयुष्य इथे काढून कळलं नाही होय? तिला सांगितलं, ते कोबीवाल्यांचं. टीव्हीवाल्यांचं वेगळं असतं.

२९ नोव्हेंबर
दोन्ही उमेदवार बाजारात येऊन गेले. गुलाबी रबरी हातमोजे घालून बायकांच्या रांगेत बसले आणि वर्षाची किमची, म्हणजे आमचं कोबीचं तिखट लोणचं, भरू लागले. फोटोवाल्यांची ही गर्दी! लगेच लेख लिहिला. दोघांना मोजून सारख्या ओळी. "सोक यांचा सदरा तिखटाने माखला. कष्टकऱ्यांत मिसळणारा नेता असा असतो. याँग यांचाही सदरा माखला. ज्यांना कोबी सांभाळता येत नाही, ते देश काय सांभाळणार?"
एक ओळ याला, एक त्याला. याहून समतोल काय असतो?
संपादक नोह यांना विचारलं, लेख कसा वाटला. म्हणाले, "वाचला." खूश दिसले.

१ डिसेंबर, सकाळ
नाश्त्याला बायकोने पेपरमधून वाचून दाखवलं. "याँग यांना उशीर झाला, कारण लोकांचा गराडा त्यांना सोडेना. सोकही उशिरा आले. वेळ पाळणं बहुधा त्यांच्या जाहीरनाम्यात नसावं." मी चमचाच आपटला. म्हटलं, कुणी लिहिलंय हे? काय विकाऊ माणूस आहे! उशीर दोघांना झाला आणि शिव्या एकालाच?
म्हणाली, "तुम्हीच लिहिलंय. मी फक्त नावं इकडची तिकडे केली."
सूप पुन्हा गरम करावं लागलं.

दुपार
शांतपणे विचार केला. फरक आहे. सोक यांना खरोखरच गराडा पडला होता.

३ डिसेंबर
निश्चय. पुढचा लेख निव्वळ याँग यांच्या कौतुकाचा. लोकांना कळू दे माझं मन किती मोठं आहे.
पहिलं वाक्य झकास जमलं: "याँग यांचा आवाज खणखणीत आहे." पुढचं काही सुचेना. चहा प्यायलो. दोनदा. शेवटी "सोक यांना मात्र आवाज चढवावा लागत नाही" असं लिहून लेख पुरा केला.

६ डिसेंबर
सूट आला. पोटावर आवळतो. श्वास रोखून प्रश्न विचारायचा सराव चालू आहे. याँग यांना कर, पेन्शन, परराष्ट्र धोरण. सोक यांनाही सोडणार नाही: इतकी साधी राहणी आपल्याला जमते तरी कशी?
सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकलं. वहिनी खास गावाहून येणार आहेत, मला टीव्हीवर बघायला.

८ डिसेंबर
सिमबाईंचा फोन. एका पक्षाने माझ्यावर हरकत घेतली. म्हटलं, वाटलंच होतं! याँगच्या लोकांना सत्य झोंबणारच.
बाई म्हणाल्या, याँगच्या लोकांना तुम्ही चालता. चालता काय, हवेच आहात. तुमच्या लेखांच्या प्रती काढून ते घरोघर वाटतात, त्याने त्यांची मतं वाढतात म्हणे. हरकत सोक यांच्याकडून आहे. त्यांचा माणूस काकुळतीला आला होता, की मतदान होईपर्यंत मिनसाहेबांना कुठेतरी सहलीला पाठवा.
वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, फारच वाईट वाटलं. जेवलो नाही. बायकोने एकही टोमणा मारला नाही, ते जास्त लागलं.

१० डिसेंबर
प्रश्न विचारायला आमच्याच पेपरच्या प्योबाई. त्या रोजचं भविष्य लिहितात! उंदराच्या वर्षात जन्मलेल्यांपासून डुकराच्या वर्षातल्यांपर्यंत सगळ्यांना दररोज चांगलंच सांगतात. दोन्ही पक्ष म्हणे ताबडतोब हो म्हणाले. राजकारणातलं ओ की ठो कळत नाही बाईंना. अभिनंदन केलं. करावं लागलं.

१२ डिसेंबर
वहिनी आल्याच. त्यांना नको म्हणून कळवायचं मी टाळत राहिलो होतो. तिघं टीव्हीसमोर बसलो. पेन्शनच्या प्रश्नावर याँग गप्प झाले. उत्तरच नव्हतं! त्याच प्रश्नावर सोकही गप्प झाले. विचारी माणूस. हे मी बहुधा मोठ्याने बोललो, कारण दोघी पोट धरून हसायला लागल्या. शेवटी मीही हसलो. इलाज काय?
मग धीर करून बायकोला विचारलं, निदान तू तरी माझे लेख वाचून मत ठरवतेस ना?
म्हणाली, "अहो, म्हणजे काय! लग्नापासून तुमचाच लेख वाचून मत देते मी. तुम्ही ज्याला डोक्यावर घेता, त्याला सोडून दुसऱ्याला. कधी डोक्याला ताप झाला नाही बघा."
मी वहिनींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "भावजी, आमच्या गावात तर सगळे तसंच करतात."