पाहुण्यांना फाटकापर्यंत पोचवण्याबाबत

दि. १२ नोव्हेंबर

प्रति,
मा. निर्णय अधिकारी,
अपंगत्व भत्ता पुनर्विचार कक्ष,
विभागीय कार्यालय.

अर्जदार: श्रीमती एलुनेड प्रॉसर, क्र. १४, चॅपल टेरेस, नांटफेलिन, साउथ वेल्स.
अर्ज लिहिणार: गेथिन मॅडॉक्स, क्र. ९, त्याच गल्लीत, अर्जदारांच्या लेखी संमतीने.

विषय: हालचाल भत्त्याचा वरचा दर पुन्हा मिळावा आणि त्यावर घेतलेली भाडेपट्ट्याची मोटार या महिनाअखेरीस परत नेली जाऊ नये, याबाबत.

संदर्भ: आपले दि. २१ ऑक्टोबरचे निर्णयपत्र व त्यासोबतचा गृहभेटीचा अहवाल.

महोदय/महोदया,

१. श्रीमती प्रॉसर या अठ्ठावन्न वर्षांच्या असून येथील शाळेच्या स्वयंपाकघरात त्या मुख्य स्वयंपाकीण होत्या. त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. या आजाराने त्यांचे पाय कमकुवत झाले आहेत, आणि ते कधी दगा देतील याचा भरवसा नाही. चार वर्षे त्यांना हालचाल भत्त्याचा वरचा दर मिळत होता. त्यातून त्यांनी ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हाताने चालवायची मोटार भाडेपट्ट्याने घेतली. आता आपल्या पत्रानुसार त्या वीस मीटरांपेक्षा जास्त अंतर चालू शकतात. त्यामुळे वरचा दर बंद झाला आणि त्याबरोबर मोटारीवरचा हक्कही गेला.

२. अहवाल लिहिणाऱ्या मूल्यमापक बाईंविरुद्ध आमची तक्रार नाही, हे प्रथमच नमूद करतो. त्या सौजन्याने वागल्या. त्यांनी खोटे एकही वाक्य लिहिलेले नाही. अर्जदार घराच्या दारापासून फाटकापर्यंत काठी टेकत, न थांबता चालत गेल्या, हे खरे आहे. फाटकाशी उभ्या राहून त्यांनी हसतमुखाने हात हलवला, हेही खरे आहे. अहवाल संपतो तो मूल्यमापक बाईंची गाडी चॅपलच्या कोपऱ्यावर वळली तिथे. आमचे म्हणणे त्या कोपऱ्यानंतर सुरू होते.

३. चॅपल टेरेसमध्ये पाहुण्याला दारातून निरोप देत नाहीत. फाटकापर्यंत जायचे आणि त्याची गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत उभे राहायचे, अशी इथली रीत आहे. ही रीत कुणी घालून दिली ते सांगता येणार नाही. पण खाणीत जाणाऱ्या नवऱ्यांना रोज निरोप देणाऱ्या बायकांकडून ती आली असावी, असे जुनी माणसे म्हणतात. इथे दारातूनच 'बरं मग' म्हणणे म्हणजे 'पुन्हा येऊ नका' म्हणण्यासारखे आहे. घरपट्टीचा माणूस आला तरी त्याला फाटकापर्यंत पोचवतात. त्याला मनातून शिव्या घालतात, पण पोचवतात.

४. अर्जदारांच्या दारापासून खाली फाटकाकडे उतरणाऱ्या वाटेवर निम्म्यात एक बाक आहे. एरवी त्या तिथे बसतात, कधी बराच वेळ. त्या दिवशी बसल्या नाहीत. पाहुणी पुढे चालत असताना यजमानीण मागे बसून राहावी, हे त्यांना शोभले नसते. डावीकडच्या भिंतीला त्यांनी सबंध वाटभर हात लावलेला होता. त्या बाजूला फुलझाडे असल्याने अहवालात तो हात फुलांवरून फिरला आहे: 'बागेत रस घेतात.'

५. 'कशा आहात?' या प्रश्नाला अर्जदारांनी 'तक्रार नाही' असे उत्तर दिल्याचेही अहवालात आहे. महोदय, या खोऱ्यात या प्रश्नाचे दुसरे उत्तर नाही. माझे वडील फुप्फुसात कोळशाची धूळ घेऊन वारले. आदल्या दिवशी डॉक्टरांना त्यांनी हेच उत्तर दिले होते.

६. गाडी कोपऱ्यावर वळल्यानंतर जे घडले ते दोन साक्षीदारांनी पाहिले. समोरच्या घरातले श्री. हेडन रॉसर हे पूर्वी पावाची गाडी चालवत. दुसऱ्या साक्षीदार अर्जदारांच्या धाकट्या बहीण कुमारी मेना प्रॉसर. दोघांना मी वेगवेगळे विचारले आणि दोघांचे म्हणणे जुळते. श्रीमती प्रॉसर यांनी हलवलेला हात खाली आणला, फाटक धरले आणि त्या धरलेल्या फाटकासकट खाली बसल्या. फाटक बिजागरीतून निघाले. त्यांना उठता आले नाही. कुमारी मेना त्यांच्याजवळ जमिनीवर जाऊन बसल्या आणि निघून गेलेल्या गाडीच्या दिशेने मोठ्याने म्हणाल्या, "ओ बाई! परत या! तुमचं बघून झालेलं नाही!"

७. श्री. रॉसर यांनी कोळशाची हातगाडी आणली. अर्जदारांना तिच्यातून वर नेण्यात आले. श्री. रॉसर त्यांना म्हणाले, "पोरी, कोळशापेक्षा हलकी आहेस गं तू. पण कोळसा वाटेत माफी मागत नाही." कारण श्रीमती प्रॉसर सबंध वाटभर त्रासाबद्दल माफी मागत होत्या. पुढचे दोन दिवस त्या अंथरुणातून उठू शकल्या नाहीत. एखादे अंतर माणूस सुरक्षितपणे आणि पुन्हा पुन्हा चालू शकत असेल तरच ते धरायचे, असे आपल्याच नियमपुस्तिकेत आहे. त्या दिवशी अर्जदार खाली गेल्या त्या पायांनी आणि वर आल्या त्या हातगाडीतून. अशा वेळी अंतर कोणते धरावे, हा निर्णय आपला.

८. मोटारीची गरज आता सांगतो. कुमारी मेना एकोणपन्नास वर्षांच्या आहेत. त्यांना जन्मापासून डाउन सिंड्रोम आहे. डोंगरापलीकडच्या खोऱ्यात काळजीवाहकांच्या देखरेखीखालील एका घरात त्या आणखी तिघांबरोबर राहतात. दर शुक्रवारी अर्जदार मोटारीने डोंगर ओलांडून त्यांना घरी आणतात आणि सोमवारी परत सोडतात. आई वारली त्या आठवड्यापासून यात खंड नाही. बसने जायचे तर खाली शहरापर्यंत जाऊन दुसऱ्या खोऱ्यात पुन्हा वर चढावे लागते, दोन ठिकाणी बस बदलून. अर्जदारांना ते शक्य नाही. कुमारी मेना दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसत नाहीत. श्री. रॉसर यांनी एकदा आणायचा प्रयत्न केला. त्यांना दारातच विचारण्यात आले, "हेडन, तू लूनी आहेस का? नाहीस ना? मग कशाला आलास?" लूनी हे अर्जदारांचे घरातले नाव.

९. आपले पत्र आल्यापासून अर्जदारांच्या वागण्यात जो बदल झाला आहे, तो नोंदवणे मला भाग आहे. समोरच्या खिडकीचे पडदे त्या उघडत नाहीत. कपडे वाळत घालणे त्यांनी बंद केले आहे, कारण दोरीशी हात उंच करून उभे असताना कुणी फोटो काढून आपल्या कक्षाला पाठवील असे त्यांना वाटते. मागच्या पंधरवड्यात गल्लीत एक पांढरी व्हॅन उभी होती. ती जाईपर्यंत त्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिल्या आणि नंतर उठता न आल्याने तिथेच राहिल्या. व्हॅन गटारे साफ करणाऱ्यांची होती. चॅपलमध्ये प्रार्थनागीताच्या शेवटच्या कडव्याला पुढचे बाक धरून उभे राहण्याची त्यांची जुनी सवय आहे. गेले तीन रविवार त्या बसून गातात, आणि तेही हळू आवाजात, कारण मोठा आवाज प्रकृती चांगली असल्याचे लक्षण मानला जाईल अशी त्यांना शंका आहे.

१०. त्यांच्या आग्रहावरून पुढील बाबींवर आपले लेखी मार्गदर्शन मागत आहे. हे लिहायला नको असे मी त्यांना म्हणालो होतो, पण त्या म्हणाल्या, "गेथिन, विचार. न विचारता केलं आणि चुकलं, तर काय करू?" तरी कळवावे: (अ) शेवटच्या कडव्याला उभे राहण्यास हरकत आहे काय? (ब) शेजाऱ्याने विनोद केला तर हसण्यास हरकत आहे काय? (क) पलंगापासून संडासापर्यंत रात्रीतून अनेकदा जावे लागते. त्या अंतरांची बेरीज केली जाते काय?

११. यानंतरची घटना गेल्या बुधवारची आहे. हा अर्ज मी टपालाने सावकाश पाठवणार होतो. या घटनेमुळे तो स्वतः आणून देत आहे.

मोटार परत जाणार, हे कुमारी मेना यांना कुणी सांगितले नव्हते. मागच्या शनिवारी त्यांनी ते जिन्यावरून ऐकले. बुधवारी दुपारच्या जेवणानंतर त्यांच्या निवासातून फोन आला की त्या कुठेच सापडत नाहीत, कोट आणि पिशवीही नाही. श्रीमती प्रॉसर कुणालाही न कळवता मोटार काढून डोंगरावर गेल्या. वर धुके होते. रस्ता त्यांना पाठ आहे, म्हणूनच त्या घाबरल्या. कोणत्या वळणावर कठडा नाही हे त्यांना माहीत होते.

डोंगरमाथ्यावर मेंढ्या अडवण्यासाठी रस्त्यात आडव्या लोखंडी नळ्यांची जाळी बसवली आहे. मोटार तिच्यावरून जाते. पायी जाणाऱ्यासाठी शेजारी लहान फाटक आहे, पण ते मेंढपाळाने तारेने बांधलेले असते. जाळीच्या पलीकडे लाल कोट दिसला. कुमारी मेना त्या नळ्यांवर पाय ठेवत नाहीत. पाय आत जाईल आणि मग पायाशिवाय राहावे लागेल, असे त्यांना वाटते. त्या तिथे किती वेळ उभ्या होत्या ते कळत नाही. पिशवीतली सँडविचे संपली होती.

धुक्यातून गाडी अंगावर आली तर बहीण बिचकेल म्हणून श्रीमती प्रॉसर मोटारीतून उतरल्या. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढेमागे ते कुणीतरी आपल्याला कळवील अशी त्यांना भीती आहे. दार धरून त्या उभ्या राहिल्या आणि जाळीच्या दिशेने काही पावले गेल्या. अंतर त्यांच्या बागेतल्या वाटेपेक्षा कमी होते. पाय गेले. मोटारीच्या पुढच्या भागाला धरून, खरे सांगायचे तर पोटावर लोळून, त्या परत दारापर्यंत आल्या. बहीण समोर दिसत होती आणि तिच्यापर्यंत पोचता येत नव्हते. "त्या वेळी मला काय वाटलं ते लिहू नकोस," असे त्यांनी मला सांगितले आहे. म्हणून लिहीत नाही.

मग त्यांनी मोटार जाळीवरून पलीकडे नेली. धुक्यातून आलेल्या गाडीपासून कुमारी मेना मागे सरकल्या, रस्त्याच्या कडेपर्यंत, जिथे खाली उतार आहे. श्रीमती प्रॉसर यांनी खिडकीतून हाक मारली. उत्तर आले, "लूनी असशील तर हॉर्न दोनदा वाजव! नाहीतर मी पोलिसांना सांगेन!" हॉर्न दोनदा वाजला. कुमारी मेना गाडीत बसल्या, पट्टा लावला आणि म्हणाल्या, "उशीर केलास. तुझी गाडी नेणार आहेत ना, म्हणून मी चालायचा सराव करत होते. मला येतं. फक्त त्या नळ्या काढायला सांग त्यांना."

१२. निवासाच्या व्यवस्थापकांनी कळवले आहे की अशी घटना पुन्हा घडल्यास कुमारी मेना यांना दूरच्या, दाराला कुलूप असलेल्या निवासात हलवावे लागेल. त्यांचा दोष नाही. तेही घाबरले आहेत. मोटार या महिन्याच्या तीस तारखेला परत जाणार आहे. त्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी कुमारी मेना कोट घालून दारात उभ्या राहतील आणि हॉर्न वाजणार नाही. पुढे त्या काय करतील, हे आम्हा सर्वांना माहीत आहे.

१३. तरी विनंती की (अ) निर्णयाचा पुनर्विचार होऊन वरचा दर पूर्ववत व्हावा; (ब) तोपर्यंत मोटार अर्जदारांकडेच राहू द्यावी; (क) आवश्यक वाटल्यास पुन्हा गृहभेट घ्यावी, शक्यतो शुक्रवारी दुपारी, दोघी बहिणी घरी असताना.

गृहभेटीच्या संदर्भात एक सूचना करतो. या वेळी पाहुण्याला पोचवायला उठायचे नाही, असे आम्ही सर्वांनी श्रीमती प्रॉसर यांना बजावले आहे आणि त्यांनी ते कबूल केले आहे. पण त्या उठतील. आपण निघताना त्यांना 'बसा' असे स्पष्ट आणि जरा कडक शब्दांत सांगावे. दार स्वतः ओढून घ्यावे. फाटक दुरुस्त केले आहे. ते थोडे उचलून लावावे लागते. आणि कोपऱ्यावर वळताना कृपया मागे पाहू नये. आपण पाहिलेत, तर हात हलवायला त्या दारापर्यंत येतील.

अर्जदारांच्या वतीने, उत्तराची वाट पाहणारा त्यांचा शेजारी,

गेथिन मॅडॉक्स

सोबत:
१. डॉक्टरांचे पत्र.
२. श्री. हेडन रॉसर यांचे सही केलेले निवेदन.
३. कुमारी मेना प्रॉसर यांचे निवेदन. जागा कमी लागल्याने येथेच देत आहे. त्यांनी सांगितले तसे, दुरुस्ती न करता:

"लूनी पडली. मी पाहिलं. पाहुणी गेली होती. लूनी म्हणाली, सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल. मी सांगते आहे."