भुजंगाच्या विलायती काठ्या

टेंभुर्णी, दि. ४ मे १९९९

चि. भुजंगास गोपिका आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या बहिणीच्या, सोनूच्या लग्नाला येऊन गेल्याला आठ दिवस झाले. सुखरूप पोचल्याचं पत्र टाकायचं विसरलास, आलं ते थेट चोरीचं. त्यातही आजीची तब्येत विचारायची विसरलास, म्हणून मीच सांगते, बरी आहे. शाळेत होतास तेव्हा दप्तर विसरून यायचास. आता नोकरीला लागलास, तर मित्राच्या मोटारीचं दार लावायचं विसरलास. प्रगती आहे.

हे पत्र मी बोलून राह्यले आणि तुझी काकू बेबीनंदा लिहून राह्यली. तेव्हा चुका तिच्या आणि शहाणपण माझं, असं धरून चाल.

मांडवाबाहेर लावलेल्या मोटारीतून तुझ्या खेळायच्या काठ्या गेल्या म्हणतोस. आरं, शिवारभर बाभळी उभ्या असताना काठी चोरायला कोण येतंय? तरी तुझ्या आबाराव काकाला गल्लीभर विचारायला लावलं. लोक म्हणाले, काठी कशाची, म्हशीची का बैलाची? त्यानं सांगितलं, टेबलावरचे गोळे ढोसायची. मंग कोणी पुढं विचारलं न्हाई.

तू जालन्याहून आणलेलं रुखवताचं सामान मात्र बराबर पोचलं. मी स्वतः उभी राहून बायांकडून मोटार रिकामी करून घेतल्ती. सोनूची सासू दुर्गाबाई नाक मुरडायला जागा शोधून राह्यली होती, पण सापडली न्हाई.

एवढ्यासाठी जेवण सोडू नको, दुसऱ्या घे. माया आहे तेवढी राहू दे, पत्र मात्र लांब लिही.

तुझी आजी

जालना, दि. १० मे १९९९

ती. आजीस भुजंगचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

आजी, दुसऱ्या घेऊन भागत नाही. मला हा टेबलावरचा खेळ, पूल, शिकवणाऱ्या रामराव सरांनी आजारपणात स्वतःच्या दोन्ही काठ्या माझ्या हातात दिल्या आणि महिन्यानं गेले. विलायती लाकूड आहे, पाच वर्षांत त्यांच्यावर हात बसलाय. २८ तारखेला पुण्यात राज्याच्या संघाची निवड आहे. आमच्या क्लबातून पहिल्यांदाच कोणाला बोलावलंय. उसनी काठी घेऊन पाहिली, सोपे गोळेसुद्धा हुकून राह्यलेत.

पोलिसांत गेल्तो. हवालदारांनी विचारलं, काय गेलं? मी काठीचं इंग्रजी नाव सांगितलं, क्यू. ते म्हणाले, क्यूं ते आम्ही बघू, आधी गेलं काय ते सांग. असं तीनदा झालं. शेवटी त्यांनी ‘दोन काठ्या, चमकदार’ असं लिहून घेतलं. ज्याच्या घरात सापडतील त्याला आत बसवतो म्हणालेत.

काकांना खूण सांग. लांबट काळी पेटी, पितळी कड्या, आत लाल मखमल. काठ्या पेचाच्या आहेत, उघडून ठेवल्यात, म्हणजे चार तुकडे दिसतील.

या वेळी तब्येत आठवणीनं विचारतोय. रागावलीस तरी आशीर्वाद चालू ठेव.

तुझा भुजंग

टेंभुर्णी, दि. १७ मे १९९९

चि. भुजंगास आजीचे आशीर्वाद, नेहमीपेक्षा थोडे जास्त. वि. वि.

तुझं पत्र वाचताना लाल मखमल आली तशी मी बेबीनंदाला म्हणलं, थांब. ती पेटी रुखवताच्या सामानासंगं मीच काढायला लावल्ती. आत चार दांडे बघितले. वाटलं, पोरानं बहिणीच्या पलंगाला मच्छरदाणीचे दांडे आणले, तेही मखमलीत. मधोमध मांडले. आल्यागेल्या बाईला माझा नातू किती शहाणा ते सांगितलं. तेवढं चुकलं.

काल जीपनं घनसावंगीला सोनूच्या सासरी गेले. सोनूच्या पलंगाला चारही दांडे सुतळीनं बांधलेले, दोन जाड, दोन बारीक, मच्छरदाणी एका अंगाला कललेली. आता मागायचे कसे? चोरीचे म्हणावं तर व्याही फिर्यादीत अडकतात. चुकून दिले म्हणावं तर माहेरानं दिलेलं काढून नेलं, हे सोनूला जन्मभर ऐकावं लागतं. चहा निवला तरी मला सुचंना. तेवढ्यात दुर्गाबाईच म्हणाली, “विहीणबाई, तुमचा नातू दांडे घेताना डोळे घरी ठेवून गेल्ता का?”

लई राग आला, पण गिळला. म्हणलं, “पोरगं लहानपणापासून अर्धवटच आहे. द्या, बदलून देते.” तिनं स्वतःच्या हातानं गाठी सोडून दिल्या.

पेटी आपल्या गल्लीतल्या अप्पारावासंगं पाठवून राह्यले. तो रोज जालन्याच्या एमआयडीसीत कामाला येतो, तिथं घे. एका दांड्याला सुतळीचा वळ उठलाय, तो पुसून काढ. फिर्याद जल्दी मागं घे. घरच्याच म्हातारीनं उचलून ठेवल्या होत्या म्हण, खोटं न्हाई.

घनसावंगीत मात्र तू आता चार सारखे दांडे न आणता येणारा म्हणून ओळखला जाशील. सोनूची मान सरळ राहिली, तुझी थोडी वाकली. तुझा खेळ तरी वाकूनच खेळायचा असतो म्हणे.

हातावर आणि आजीवर भरवसा ठेव.

तुझी आजी

ता. क. एका मापाचे चार लोखंडी दांडे सोनूकडं पोचते कर. त्यासंगं दुर्गाबाईला दोन किलो बालुशाही, कडक असली तरी चालंल. मला दात न्हाईत, मला पावशेर कलाकंद पाठव, मऊ बघून.