बाबांच्या नावाची नळी

९ नोव्हें.

तुला काय जातंय रे अमोलदादा? तिकडं हीटर लावून बसायचं आणि मला मेसेज टाकायचा, "सरळ विचार ना मामाला." तुझा मामा माझा बाप आहे. काय विचारू? तुमच्या लग्नाआधी तुम्हाला एक पोरगी झाली होती का? आणि विचारून झाल्यावर त्याच घरात, त्याच ताटावर मला बसायचंय. तुला नाही.

एवढं टाइप केलं. पाठवलं नाही. म्हणून वहीत.

१० नोव्हें.

नीट लिहून काढते. डोक्यात नुसता गुंता.

मामाच्या, म्हणजे दादाच्या वडिलांच्या, वर्षश्राद्धाला अमोलदादा अमेरिकेहून आला तेव्हा एक किट घेऊन आला. नळीत थुंकायचं, तो तिकडं गेला की कंपनीला देणार, मग त्यांची साइट सांगते की जगात आपलं रक्त कुणाकुणाशी जुळतं. एकावर एक फुकट मिळालेली दुसरी नळी त्याच्याकडंच, पण स्वतः थुंकला नाही. म्हणे माझा डेटा मी कंपन्यांना देत नसतो. माझा चालतो. मीही हावरट, वाटलं कादंबरीला काहीतरी मिळेल.

मिळाली नाशिकची सुनंदा. पुण्यातल्या एका अनाथाश्रमात वाढली, आता शाळेची व्हॅन चालवते. नणंदेच्या पोरानं तिला टेस्ट करायला लावली. माझं-तिचं पाव भाग जुळतंय. साइट म्हणते, बहुतेक अर्धी बहीण. आई एक नाहीतर बाप एक.

तिचा जन्म आईबाबांच्या लग्नाच्या आदल्या वर्षीचा. आई तेव्हा कळंबहून मंचरला बारावीला जात होती, वेण्या घालून. उरलं कोण?

१४ नोव्हें.

सुनंदाचा व्हॉइस मेसेज. मागं पोरांचा कालवा, हॉर्न. "ताई, मला कुणाकडून काय नको ओ. घर आहे, नवरा आहे, व्हॅनचे हप्ते फिटलेत. फक्त डॉक्टर विचारतात ना, घरात कुणाला शुगर होती का, हार्टचं काही होतं का, तिथं मी रेघ मारते. दरवेळी रेघ. तेवढं कळलं तरी बास."

तीनदा ऐकला. उत्तर दिलं: बघते.

बाबा बाहेर ट्रॅक्टरला शिव्या घालत होते. जेवताना मी मान वर केली नाही.

१९ नोव्हें.

अमोलदादाचा मित्र मंचरला आला, त्याच्याबरोबर दोन किटं. एक आईसाठी, एक बाबांसाठी. दादाचा प्लॅन असा की दोघांची यादी आली की 'शेअर्ड मॅच' लावून बघायचं, सुनंदा कुणाच्या यादीत उगवते. आईच्या यादीत नाही आणि बाबांच्या आहे, म्हणजे विषय संपला. "पाच मिनिटांचं काम आहे," म्हणाला. दादाची सगळी कामं पाच मिनिटांची असतात आणि ती मी करते.

आईनं लगेच दिलं. नळीआधी अर्धा तास चहा नाही म्हटल्यावर तेवढी कुरकुर केली. थुंकता थुंकता तिची नेहमीची गोष्ट: तिच्या बारावीसाठी दोन लग्नं वर्षभर थांबली. "हे इथले, राजुरीचे लोक म्हणाले, पोरीची परीक्षा होऊ द्या, मग मांडव घालू. तेव्हा कोण थांबत होतं पोरीसाठी?" ही गोष्ट मला तोंडपाठ आहे. पाहुणे आले की येते, भांडण झालं की येते. आईच्या आयुष्यात तिच्यासाठी कुणी थांबलं ते तेवढंच.

बाबांनी नळी हातात घेतली, उलटसुलट पाहिली, फळीवर ठेवून दिली. "माझी थुंकी अमेरिकेला कशापायी? हितं थुंकायला बंदी हाय व्हय?" आई हसली. मी नाही. मला जे कळायचं ते कळलं.

२३ नोव्हें.

प्लॉटिंगवाल्यांच्या वेबसाइटसाठी सहाशे शब्द, 'निसर्गाच्या कुशीत'. निसर्गाच्या कुशीत आमच्याकडं सध्या बिबट्या आहे. ऊस तुटायला लागलाय, त्यामुळं अंधार पडायच्या आत सगळे घरात आणि घरात बाबा. पळायला जागा नाही.

बाबा म्हणाले, "माझ्याशी कट्टी का गं?" म्हटलं, काम आहे. कादंबरी तिथंच.

२७ नोव्हें.

कांद्याची लागण. आत्या कळंबहून आली, दरवर्षी येते. आत्या म्हणजे बाबांची बहीण, अमोलदादाची आई. आमच्यात साटंलोटं झालंय. बाबांची बहीण कळंबला मामाला दिली, मामाची बहीण म्हणजे माझी आई इकडं आली. एका मांडवात दोन्ही लग्नं. एक मोडतं तर दुसरंही मोडतं, असा तो व्यवहार. मी दादाच्या आईबापाला आत्या-मामा म्हणते, तो माझ्या आईबापाला. आई आणि आत्या एकमेकींच्या नणंदा आणि एकमेकींच्या भावजयाही. त्यामुळं त्यांचं भांडण कधी निकाली निघत नाही.

दुपारी आत्यानं फळीवरची नळी पाहिली. हे काय म्हणाली. सांगितलं. सुनंदाचंही सांगून टाकलं, बाबांचं नाव न घेता: नाशिकची एक बाई निघालीय, आपल्यातलीच कुणाची तरी.

आत्यानं वय विचारलं. मग विचारलं, काम काय करते. व्हॅन चालवते म्हटल्यावर, "सोता चालवती?" हाताचा चिखल वाळून पडायला लागला तरी तशीच बसून.

संध्याकाळी निघताना परत आली. "दे ती नळी. माझ्या भावाचं नि माझं रगत एकच की."

मला बरंच वाटलं. बाबा नाही तर आत्या. ती सुनंदाची आत्या निघाली की झालं. बाबांच्या नावाच्या नळीत आत्या थुंकली. नळी भरल्यावरही थांबेना, म्हटलं अगं पुरे.

३० नोव्हें.

दोन्ही नळ्या दादाच्या त्या मित्राकडे दिल्या, तो परत निघालाय. दादाचा मेसेज: माझ्या आईची कशाला घेतली? तिला उगाच त्रास. त्याला अंगठा दाखवला. वरचा.

१२ डिसें.

वाट बघणं. काही लिहवत नाही. कादंबरीतल्या बापाला मारून टाकलं, मग परत जिवंत केला, कारण त्याच्याशिवाय कथेत कुणी कामच करेना.

सुनंदानं फोटो पाठवला. पिवळी व्हॅन, ही दारात उभी. गॉगल. कपाळ बघत बसले, बाबांचं आहे का. मला तर सगळ्यांचीच कपाळं बाबांसारखी दिसायला लागलीत.

२१ डिसें.

बाबा कांद्याला पाणी फिरवत होते. चहा नेऊन दिला. कसं कुणास ठाऊक, पण त्यांच्याबद्दल विचारायला तोंड उघडेना, तर भलतंच विचारलं. आत्या लग्नाआधी कधी पुण्याला राहिली होती का? सुनंदा पुण्याच्या आश्रमातली, आणि पुण्यात आपलं कोण होतं तेव्हा, एवढंच डोक्यात होतं.

"मावशीकडं व्हती. टायफॉइड झाला व्हता तिला."

इतक्या लगेच. बाबांना काल काय खाल्लं ते आठवत नाही. खोरं उचललं आणि पार पलीकडच्या वाफ्यात गेले. चहा तसाच.

टायफॉइडला पुण्याला का नेतील? नारायणगावात डॉक्टर नव्हते का?

नाही. एवढंच लिहिते आज.

१६ जाने.

याद्या आल्या.

आत्या आणि सुनंदा: आई-मुलगी. इथं साइट 'बहुतेक' म्हणत नाही.

मग आईची यादी उघडली. तिच्यातही सुनंदा. सख्ख्या भाचीएवढी.

लॅपटॉप मिटला, परत उघडला. दोन्ही याद्या शेजारी लावल्या. सुनंदा आत्याची मुलगी. आईच्या एकुलत्या एका भावाची मुलगी. म्हणजे आत्या आणि मामाची. लग्नाच्या आदल्या वर्षीची. माझी आतेबहीणही आणि मामेबहीणही, दोन्हीकडून मिळून पाव भाग, अर्ध्या बहिणीएवढा. साइटला साटंलोटं माहीत नाही. मी त्याच घरात वाढले आणि मलाही सुचलं नाही. बाप संशयित म्हणून सोपा होता.

अमोलदादा, ती तुझी सख्खी बहीण आहे. आईनं, बापानं, दोन्हीकडून.

हेही पाठवलं नाही.

आई भाकरी थापता थापता, "माझं काय निघालं गं?" म्हटलं, सगळी कळंबचीच निघालीस. खूश झाली.

१७ जाने.

सकाळी बाबांना न मागता चहा दिला. पिताना माझ्याकडं बघत राहिले. त्यांना माहीत आहे, सगळं. म्हणूनच नळी फळीवर. बहिणीचं झाकत होते. आणि दोन महिने मी त्यांना जेवताना तोंड दाखवलं नाही.



२० जाने.

कळंब. वाटेत ठरवलं होतं की आत्याला काही सांगायचं नाही. तिनं नुसती नळी दिली, तिला काय कल्पना, या वयात कशाला. सुनंदाला शुगर-हार्टचं परस्पर कळवून टाकू. असं सगळं छान रचून गेले.

आत्या ओट्यावर घेवडा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आली का?"

काय आली, म्हटलं.

"यादी गं. तू मला येडी समजती काय? कुणासाठी थुंकले मी?"

मग बसले तिथंच. दोघी घेवडा निवडत राहिलो. तिनं सांगितलं ते असं. लग्न ठरलं होतं, साखरपुडा झाला होता, मामा येऊन-जाऊन होता. तारीख मात्र पुढच्या उन्हाळ्याची, कारण आईची परीक्षा. एकाच मांडवात दोन्ही करायची म्हणून आत्याचंही थांबलेलं. तिचं आधी उरकलं असतं तर लोक बोटांवर महिने मोजत बसले असते, आणि नाव निघालं असतं तर कळंबकरांनी पोरगीही दिली नसती नि केलीही नसती. म्हणून पुणे, मावशी, टायफॉइड. बाबाच सोडायला गेले होते, एसटीनं. तेव्हा ते विशीतले.

"तुझ्या आईची बारावी व्हायची व्हती. पोटातलं काय थांबतं व्हय बारावीसाठी?"

रागानं नाही म्हणाली. शेंगेची शीर काढावी तसं.

मामाला लग्नानंतर सांगितलं. तो दोनदा पुण्याला जाऊन आला, दोन्हीदा रिकामा. पुढं दादा झाला, मग काही नाही. "म्हणून तर तुला लेकी लेकी करायचे." मला वाटायचं मामाचं माझ्यावरच प्रेम होतं. होतंच असेल. पण बांगड्या आणायचा त्या नेहमी मला मोठ्या व्हायच्या. आई म्हणायची, याला पोरीचं माप कळत नाही.

निघताना दोन गोष्टी म्हणाली. एक, "तुझ्या आईला सांगू नगं. लई अभिमान हाय तिला. ऱ्हाऊ दे तिची बारावी तिला."

दुसरी, "अमोलला तूच सांग. मला जमायचं न्हाई. तुला नायतरी लिवायचं येड हाय."

२५ जाने.

सुनंदाला फोन केला. सांगितलं, आई आहे. वडील गेले. दोघांचं लग्न झालं होतं एकमेकांशी, नंतर.

मग म्हणाली, "नंतर?"

हो, म्हटलं.

"मग मला आणायला का नाही आले?"

म्हटलं, ते मला नाही सांगता येणार. तुझ्या आईलाच विचार. रविवारी व्हॅन नसते, ओझरच्या गणपतीला येईन म्हणाली. म्हणजे, "बघते, जमलं तर." माझाच शब्द मला परत.

३१ जाने.

दादाला पत्र लिहायला बसले. पहिल्या ओळीत कथा सुरू झाली. दुसऱ्यांदा लिहिलं, तर आत्या त्यात रडायला लागली, आणि ती रडली नव्हती. तिसऱ्यांदा उलटं, शेवटापासून. फाडलं. मला बनवता येतं, सांगता येत नाही.

१ फेब्रु., रविवार

आत्या कालच राजुरीला मुक्कामाला आलीय. सकाळीच तयार. आईला सांगितलं, गणपतीला जाऊन येतो. आईही निघाली, पातळ बदलायला आत गेली. आत्या माझ्याकडं बघतेय, मी बाबांकडं. बाबा म्हणाले, स्कूटीवर तिघी कशा बसाल, आणि शेंगा फोडायला तुझ्याबिगर कोण हाय मला? आई वैतागून थांबली. मग बाबा आत्याला दारापर्यंत सोडायला गेले. एरवी जात नाहीत.

आत्याच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. आत मामाची दवाखान्याची फाइल. ईसीजी, शुगरचे रिपोर्ट, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, स्वतःचा बीपीचा कागदही. बाकी काही घेतलं नाही, साडी नाही, खाऊ नाही. "रेघ मारती म्हणली व्हतीस ना," म्हणाली.

सुनंदा निघाली का माहीत नाही. सकाळपासून मेसेज नाही. विचारलं नाही मी.

दादा, पत्र जमलं नाही. म्हणून ९ नोव्हेंबरपासूनच्या या पानांचे फोटो काढून पाठवतेय, जशी आहेत तशी. तुला शिव्या आहेत त्याही. तुझ्याकडं एक नळी पडून असेल, तू कंपनीला न दिलेली. मी काही म्हणत नाही.

'आत्याला उगाच कशाला', 'आधी मला का नाही', 'मी फोन करतो तोवर थांबा' हे तू टाइप करशील. कर.

बाहेर स्कूटीचा हॉर्न. आत्याला हॉर्न कुठं असतो ते माहीत नव्हतं, शोधून दाबलाय. परत दाबला.

हे शेवटचं पान पाठवलं की फोन उशीखाली ठेवून जातेय.