ओसाका इथून दिसतं

३ जून, सोमवार
आज उल्हासशेठनी स्वतः बोलावलं. त्यांच्या ओसाकाच्या हॉटेलात किती गिऱ्हाईक येतं ते त्यांना इथं टोकियोत, निशी-कसाईच्या हॉटेलात बसून कॉम्प्युटरवर बघायचंय. म्हणाले, जमवलंस तर भांडी बंद, काउंटरवर बस. जमवणारच. दहावी राहिली असेल, पण एमएससीआयटी आहे. आईला फोनवर सांगून टाकलं, काउंटरवर बसलो. दोन दिवस आधी सांगितलं एवढंच.

५ जून, बुधवार
झालं! फुकटचं सॉफ्टवेअर. दोन्ही कॉम्प्युटरना त्यानं आपले नंबर वाटले आणि ओसाकाची स्क्रीन इथं हजर. मी इथून माउस हलवला, तर तिकडे जयेश घाबरून किंचाळला म्हणे. (जयेश तिथला मॅनेजर. बीकॉम.) शेठ बघतच राहिले. शनिवारपर्यंत नीट चाललं तर खुर्ची माझी.
संकल्प: इस्त्रीचा पांढरा शर्ट.

६ जून, गुरुवार
जपानी गिऱ्हाइकांच्या बुकिंगची साइट इथल्या कॉम्प्युटरवर उघडेना. नुसतं गोल फिरतंय. साइटवाल्यांचा प्रॉब्लेम. शेठना म्हणालो, संध्याकाळपर्यंत होईल नीट. तंदूरवाले विश्वनाथदादा म्हणाले, "तू हात लावेपर्यंत चालू होती रे." तंदूरवाल्यानं तंदूर बघावा.

७ जून, शुक्रवार, दुपारी
अंबरीष सर जेवायला आले. मोठ्या कंपनीत नेटवर्कचं बघतात. सहज विचारलं. म्हणाले, ते सॉफ्टवेअर जे नंबर वाटतं ते त्याच्या बापाचे नाहीत, खऱ्या इंटरनेटवर दुसऱ्यांना दिलेले आहेत. "समज, तू किचनचंच नाव स्टेशन ठेवलंस. मग स्टेशनला निघालेला माणूस किचनमध्येच येऊन आपटणार ना? बंद कर ते, साइट उघडेल."
बंद केलं तर ओसाका गेलं. ओसाका गेलं की खुर्ची गेली. सरांची थिअरी चांगली आहे, प्रॅक्टिकल कमी.

८ जून, शनिवार
साइट अजून नाही. शेठनी ती गुरुवारीच सुरू झाली असं धरलंय. आपण कशाला मन मोडा. त्यांनी विचारलं, उद्याचं बुकिंग? मी म्हणालो, काही दिसत नाही. हे खोटं नाही. खरंच काही दिसत नव्हतं. शेठ म्हणाले, मग उद्या बंद ठेवू, चिमणी साफ करून घेऊ. दादांनी माझ्याकडे बघितलं. मी स्क्रीनकडे.
संकल्प: झोपण्याआधी सॉफ्टवेअर एकदा बंद करून बघायचं. (राहिलं.)

९ जून, रविवार
दुपारी बंद दारासमोर रांग. एका जपानी ऑफिसची सगळी माणसं, रिटायर होणाऱ्या साहेबांना पार्टी द्यायला. त्यांच्या मोबाइलवर आमच्याच बुकिंगचा मेसेज. आत दादा चिमणीत, तोंड काळं. शेठनी माफी मागायला मलाच पुढे केलं. मी वाकलो. ते माझ्याहून खाली वाकले. कोणी ओरडलं नाही. रिटायर होणारे म्हातारे फुलांचा गुच्छ धरून उभे. मलाच 'सुमिमासेन', माफ करा, म्हणाले, आणि सगळी पार्टी कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानात ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, घ्यायला गेली.
दादांनी शेठना सांगितलंच, मग शेठनी समोर उभं राहून सॉफ्टवेअर काढायला लावलं. साइट लगेच उघडली. साइटवाल्यांनी नेमकी त्याच वेळी दुरुस्त केली असणार.

१० जून, सोमवार
काउंटरवर शेठची पुतणी रुचा बसली. मला म्हणाली, "दादा, हात ओले असतील तर कीबोर्डला लावू नका हं."

१२ जून, बुधवार
बढती! शेठ म्हणाले, ओसाकाला आता मशीन नको, विश्वासाचा माणूस हवा. तू जा. ओसाकाचा सगळा रिपोर्ट माझ्याकडे.

१७ जून, सोमवार, ओसाका
इथलं सिंक मोठं आहे. रोज शेठना गिऱ्हाईक किती ते सांगायचं, बाकी वेळ भांडी. सिंकपाशी उभं राहून गिऱ्हाईक दिसत नाही, म्हणून ताटं मोजतो. आज एक्क्याऐंशी. शेठ म्हणाले, हे बरं, मध्ये काही अडकत नाही. मी हो म्हणालो. हात साबणाचे होते, फोन जयेशनं माझ्या कानाला धरला होता.